चालतोय छान, तरी वर्षाचा एक्स-रे हवाच

"नमस्कार डॉक्टर. भुऱ्या आमचा साडेपाच वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३४ किलो. हिप डिस्प्लेसियाचा, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा, त्रास लहानपणापासून. गेल्या सप्टेंबरात त्याचा उजवा खुबा बदलला, सिमेंट न वापरता बसवतात तो कृत्रिम सांधा. सर्जन दुसऱ्या शहरातून आले होते. आठ आठवड्यांनी एक्स-रे झाला. त्याच्या रिपोर्टमध्ये 'स्टेम सबसायडन्स २ मिमी' आणि 'कपच्या वरच्या कडेला पातळ रेडिओल्युसंट लाइन' असं लिहिलं होतं. सर्जन फोनवर 'ठीक आहे, काळजी नको' एवढंच म्हणाले. आता वर्ष भरत आलंय, तर पुन्हा गुंगी देऊन एक्स-रे काढायला सांगताहेत. भुऱ्या व्यवस्थित चालतो, सोसायटीच्या आवारात धावतो. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला आणखी किती छळायचं, लंगडला तर बघू. ह्यांनाही ते पटतं. मी मात्र तो रिपोर्ट काढून पुन्हा पुन्हा वाचते. एक्स-रेची खरंच गरज आहे का? ती रेघ म्हणजे काय? गुंगी न देता नाही का काढता येत? आणि गणपतीला आम्ही गुहागरला जातो, त्याला न्यावं का?"
— एक वाचक, मुलुंड पूर्व

ताई,

एक्स-रे काढा, आणि गुहागरला निघायच्या आधी काढा. वर्ष पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे कमी असले तरी काही बिघडत नाही. सासूबाईंना भुऱ्याची दया येते म्हणूनच त्या नको म्हणताहेत, त्यामुळे त्यांच्या शंकेचं उत्तरही नीट द्यायला हवं. हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवा.

'लंगडला तर बघू' हे ऐकायला रास्त वाटतं. पण कुत्रं लंगडतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मागच्या एका पायाला थोडं दुखायला लागलं की कुत्रं त्या पायावरचं वजन पुढच्या पायांवर आणि दुसऱ्या मागच्या पायावर ढकलतं. चाल वरवर तशीच दिसते. उठताना क्षणभर जास्त वेळ लागतो, मांडीचा स्नायू थोडा उतरतो, कठड्यावर पुढचे पाय टेकून उभं राहणं बंद होतं, आणि घरच्यांना वाटतं की वय झालं. लॅब्रॅडॉर तर खाण्याचा डबा वाजला की दुखरा पाय घेऊनही धावत येतो. त्यामुळे 'आवारात धावतो' ही आनंदाची गोष्ट असली तरी आत धातू आणि हाड यांची पकड कशी आहे, ते त्यावरून कळत नाही. ते फक्त एक्स-रेच्या फोटोत दिसतं.

आत नेमकं काय बिघडू शकतं? भुऱ्याच्या सांध्याचे तीन भाग आहेत. कमरेच्या हाडाच्या उखळीत बसवलेली वाटी, म्हणजे रिपोर्टमधला कप. मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून बसवलेला दांडा, म्हणजे स्टेम. आणि दांड्याच्या टोकावरचा, वाटीत फिरणारा गोळा. सिमेंट नसलेल्या सांध्यात वाटी आणि दांडा आधी नुसत्या घट्टपणावर टिकून असतात. मग पहिल्या दोन-तीन महिन्यांत धातूच्या खडबडीत पृष्ठभागात हाड वाढत जातं आणि ते हाडाशी एकजीव होतात. बहुतेक कुत्र्यांत हे छान घडतं. थोड्यांत मात्र हाडाऐवजी तंतूंचा थर तयार होतो आणि भाग हळूहळू सैल पडतो. कधी कमी ताकदीचा जंतुसंसर्ग आत मुरतो, ताप नाही, सूज नाही, नुसती पकड जाते. कधी वाटीच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर झिजतं.

या झिजेची गोष्ट माणसांच्या शस्त्रक्रियेपासून चालत आली आहे. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी आजच्या खुबाबदलाचा पाया घातला. त्यांनी सुरुवातीला टेफ्लॉनची वाटी वापरली होती. ती फार लवकर झिजली, तिच्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींमध्ये दाह माजवला आणि त्या वाट्या काढाव्या लागल्या. १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलीन वापरायला सुरुवात केली, आणि त्याच जातीचं, पुढे खूप सुधारलेलं प्लास्टिक आज भुऱ्याच्या वाटीत आहे. ते पुष्कळ टिकाऊ आहे, तरी झिजतच नाही असं नाही. आणि कण साचले की शरीर त्यांच्याशी लढताना शेजारचं हाडही पोखरतं. हे सगळं अनेकदा वेदनेशिवाय चालतं. कुत्र्यांसाठी तयार मिळणारे खुबे १९७० च्या दशकात आले, आणि सांधा बसवणारे सर्जन वर्षाला फोटो मागतात ते याच कारणाने.

लवकर कळलं तर काय फायदा, असं तुमचे यजमान विचारतील. सैल पडणं सुरुवातीला सापडलं तर शेजारचं हाड अजून भक्कम असतं. सैल झालेला तेवढा भाग बदलता येतो, किंवा निदान हालचाल कमी करून जवळून लक्ष ठेवता येतं. उशिरा सापडलं तर हाड इतकं खाल्लं गेलेलं असतं की नवा भाग धरायला जागाच उरत नाही. मग सगळा सांधा काढून टाकावा लागतो आणि कुत्र्याला स्नायूंच्या आधारावर चालायला शिकावं लागतं. ३४ किलोच्या कुत्र्याला ते जड जातं. सासूबाईंना जो छळ टाळायचा आहे, तो खरा तिथे आहे.

आता तुमच्या रिपोर्टकडे वळते. तुम्ही पुन्हा पुन्हा वाचता म्हणालात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'स्टेम सबसायडन्स २ मिमी' म्हणजे दांडा हाडाच्या पोकळीत दोन मिलिमीटर खाली सरकला. सिमेंट नसलेल्या दांड्याच्या बाबतीत पहिल्या काही आठवड्यांत असं थोडं रुतणं नेहमी दिसतं. कुत्रं वजन टाकू लागतं, दांडा जिथे घट्ट बसतो तिथे जाऊन थांबतो, मग हाड त्याला धरतं. शिवाय दोन मिलिमीटर हा आकडा मोजमापाच्या चुकीतही येऊ शकतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूला एक उंचवटा असतो, तिथपासून दांड्याच्या खांद्यापर्यंतचं अंतर मोजतात. फोटो काढताना मांडी एक्स-रेच्या प्लेटला समांतर नसेल, थोडी उचललेली असेल, तर तेच अंतर कमी-जास्त दिसतं. तेव्हा नोव्हेंबरातल्या, म्हणजे आठ आठवड्यांच्या फोटोतल्या, दोन मिलिमीटरांनी घाबरायचं कारण नाही. प्रश्न हा आहे की तो आकडा आजही दोनच आहे का. दोन-तीन महिन्यांनंतर दांडा हलायला नको. तो आणखी खाली गेला असेल, किंवा खाली जाताना स्वतःभोवती वळला असेल, तर हाडाने त्याला धरलेलं नाही, आणि वळलेल्या दांड्यामुळे गोळा वाटीतून निसटायची भीतीही असते. नोव्हेंबरच्या फोटोवरून याचं उत्तर मिळणं शक्यच नव्हतं. सर्जन 'ठीक आहे' म्हणाले ते त्या दिवसापुरतं बरोबर होतं.

'रेडिओल्युसंट लाइन' म्हणजे हाड आणि धातू यांच्यामध्ये दिसणारी काळी रेघ. हाड पांढरं दिसतं, धातू त्याहून पांढरा. मध्ये काळं दिसलं तर तिथे हाड नाही. ही रेघ तीन कारणांनी दिसू शकते. एक, शस्त्रक्रियेच्या वेळी उखळी कोरल्यावर वाटी एखाद्या ठिकाणी पूर्ण टेकलेली नसते. तिथे बारीक फट राहते आणि पुढच्या काही महिन्यांत ती बहुधा हाडाने भरून येते. दोन, तिथे तंतूंचा थर झालेला असतो. तो पातळ आणि स्थिर असला तर कुत्र्याला त्याचा पत्ताही लागत नाही, पण पसरत गेला तर ती सैल पडण्याची सुरुवात असते. तिसरं कारण फार कमी जणांना ठाऊक असतं, आणि मला ते मुद्दाम सांगावंसं वाटतं: रेघ खोटी असू शकते. डिजिटल एक्स-रे मशीनचं सॉफ्टवेअर चित्र स्पष्ट दिसावं म्हणून कडा ठळक करतं. त्या प्रक्रियेत धातूच्या कडेला एक काळी किनार उमटते. ती सैल पडलेल्या सांध्यासारखीच दिसते. ओळखण्याची खूण अशी, की खोटी किनार धातूच्या सगळ्या कडांना सारखी लागलेली असते, जिथे शेजारी हाड नसून नुसता स्नायू आहे तिथेही. खरी रेघ ठराविक भागातच असते, हाडाच्या कडेने जाते, आणि जुनी असेल तर तिच्या पलीकडे हाडाची पातळ पांढरी कड दिसते.

जुन्या चाळीच्या भिंतीला तडा गेला की इंजिनियर त्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून जातो. काच शाबूत राहिली तर तडा जुना आहे, तडकली तर इमारत हलतेय. भुऱ्याच्या त्या रेघेचंही असंच आहे. एका फोटोतली रेघ काहीच ठरवत नाही. नोव्हेंबरची रेघ आणि आताची रेघ शेजारी ठेवल्यावरच ती भरली, तशीच राहिली की रुंदावली हे कळतं. म्हणून या वेळचा फोटो तुमच्यासाठी इतका मोलाचा आहे. तुम्ही वर्षभर जो प्रश्न मनात घेऊन बसला आहात, त्याचं उत्तर त्यात आहे.

यासाठी तुलना करायला जुने फोटो हाताशी हवेत. शस्त्रक्रिया संपल्यावर लगेच, भुऱ्या भुलेत असतानाच, एक संच काढलेला असणार. तो सगळ्यात महत्त्वाचा, कारण सगळी मापं तिथून सुरू होतात. तो आणि नोव्हेंबरचा संच, दोन्ही मूळ डायकॉम फाइलच्या रूपात, म्हणजे एक्स-रे मशीनमधून निघालेलं चित्र जसंच्या तसं, पेनड्राइव्हवर मागून घ्या. सर्जन दुसऱ्या गावचे असले तरी शस्त्रक्रिया ज्या दवाखान्यात झाली तिथे त्या असतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, आणि मोबाइलने स्क्रीनचा काढलेला फोटो तर वाकडाही असतो. ज्या दोन मिलिमीटरांवर सगळं अवलंबून आहे ते त्यात हरवतात. फाइल मिळवायला दवाखान्याला दोनदा फोन करावा लागला तर संकोच करू नका. बसवलेल्या भागांचे स्टिकर, म्हणजे कंपनी, माप, लॉट नंबर, फाइलला लावलेले असतील तर त्यांचीही प्रत घ्या. पुढे कधी भाग बदलायची वेळ आली तर तो कागद शोधत बसावं लागत नाही.

शक्य असेल तर फोटो नोव्हेंबरच्याच ठिकाणी, त्याच मशीनवर काढा. वर सांगितलेली खोटी किनार मशीनप्रमाणे बदलते, त्यामुळे मशीन बदललं की तुलना अवघड होते. ते जमणार नसेल तरी अडून बसू नका. खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया मोजक्या ठिकाणी होते, एक्स-रे मात्र मुलुंड-ठाण्याच्या बाजूलाही चांगल्या डिजिटल मशीनवर मिळतो. शहरात परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी आपण ज्याला बैलघोडा म्हणतो ते बाई साकरबाई रुग्णालय आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालंय. कुठेही गेलात तरी आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: गुंगी देऊन कंबर-खुब्याचे फोटो नेहमी काढता का, आणि फाइल डायकॉममध्ये देता का. घरी येऊन हातातल्या छोट्या मशीनने फोटो काढून देणारेही आहेत. पाय मोडलाय का एवढं बघायला ते ठीक, या कामाला नको.

फोटो कोणते, हे सर्जनकडून लिहूनच घ्या. साधारणपणे एक कंबरेचा, कुत्रं पाठीवर झोपवून दोन्ही मागचे पाय सरळ ताणून. एक कंबरेचा बाजूने. आणि उजव्या मांडीच्या हाडाचे दोन, समोरून आणि बाजूने, दांड्याच्या टोकाच्या बऱ्याच खालपर्यंत. हा शेवटचा भाग अनेकदा राहून जातो. फोटो खुब्यावर केंद्रित करतात आणि दांड्याचं टोक चौकटीबाहेर जातं. पण हाडाला बारीक चीर जाणं, टोकाशी हाड जाड होणं, आतल्या रक्तपुरवठ्यात बिघाड होणं हे त्या टोकाच्या आसपासच दिसतं. प्लेटवर मापाचा गोळा किंवा पट्टी ठेवायला सांगा, कारण कुत्र्याची मांडी प्लेटपासून उंच असते आणि फोटोत सगळं थोडं मोठं दिसतं. माप माहीत असलेली वस्तू शेजारी असली की खरे मिलिमीटर काढता येतात. डावं-उजवं दाखवणारं अक्षरही हवं.

आता गुंगी. तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि सासूबाईंची खरी भीती इथेच आहे, असं मला वाटतं.

पाठीवरच्या त्या फोटोत कंबर जराही कलती असता कामा नये. रिपोर्ट वाचणारा आधी तेच बघतो, कंबरेच्या हाडातली दोन्ही बाजूंची भोकं सारख्या आकाराची आहेत का, गुडघ्याच्या वाट्या मध्यावर आहेत का. का, तर सांध्याच्या वाटीचं तोंड किती अंशांनी उघडं आहे हे त्याच फोटोवरून मोजतात. बहुतेक पद्धतींत ते ३५ ते ४५ अंशांच्या आसपास हवं असतं. फार उघडं असेल तर गोळा वरच्या बाजूने निसटू शकतो, फार मिटलेलं असेल तर खालच्या बाजूने. कंबर थोडी कलली की स्थिर असलेली वाटीही फिरल्यासारखी दिसते. मग एक तर उगाच घबराट, नाहीतर खरा बदल 'पोझिशनचा फरक' म्हणून सोडून दिला जातो. जागा कुत्रा, तोही अनोळखी खोलीत उताणा, सरळ राहत नाही.

आणि सासूबाईंना हे आवर्जून सांगा: भुऱ्याचा डावा खुबा अजून तोच जुना, खराब आहे. जागेपणी तो पाय धरून सरळ ताणला तर त्याला खरोखर दुखेल. दोन माणसं त्याला दाबून धरतील, तो ओरडेल, आणि पुढच्या वेळी दवाखान्याच्या दारातच अडेल. गुंगी त्याला या त्रासातून वाचवते. वर्षभरापूर्वीची शस्त्रक्रियेची भूल काही तास चालली होती. ही तशी नाही. शिरेतून किंवा स्नायूत इंजेक्शन, त्यात बहुधा गुंगी आणणारं डेक्समेडेटोमिडिन आणि एखादं वेदनाशामक. फोटो झाले की अ‍ॅटिपामेझोलचं गुंगी उतरवणारं इंजेक्शन देतात आणि कुत्रं थोड्याच वेळात उठून बसतं. गुंगीचं औषध हृदयाचे ठोके मंदावतं, म्हणून आधी छाती तपासून घ्यायची आणि रक्ताची साधी तपासणी करायची. साडेपाच वर्षांच्या, बाकी निरोगी कुत्र्यात धोका खूप कमी असतो. अजिबात नाही असं कुठल्याच गुंगीबद्दल म्हणता येत नाही, म्हणून फोटो चालू असताना नाडी आणि ऑक्सिजनवर कोण लक्ष ठेवणार हे विचारा. त्या प्रश्नाचा राग येणारा दवाखाना टाळलेला बरा. किरणांची काळजी नको, वर्षातून तीन-चार फोटोंतून त्याला मिळणारी मात्रा अगदी थोडी असते. घरातल्यांनी मात्र खोलीत थांबू नये, घरात कुणी गरोदर असेल तर मुळीच नाही.

वेळ सकाळची घ्या. रात्रीच्या जेवणानंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल. घरात कुणी चुकून पोळीचा तुकडा टाकला तर तो लपवू नका, डॉक्टरांना सांगा, वेळ पुढे ढकलता येते. परत येताना एसी असलेली गाडी हवी. गुंगीतून उठणाऱ्या कुत्र्याला शरीर थंड ठेवणं नीट जमत नाही आणि हायवेवर गाडी तासभर अडकली तर लॅब्रॅडॉर तापतो. त्या दिवशी लिफ्ट चालू आहे ना ते बघून निघा. घरी आल्यावर गुळगुळीत लादीवर जुनी सतरंजी अंथरा. अर्धवट गुंगीत पाय फाकून घसरणं नव्या सांध्यालाही नको आणि जुन्यालाही नको.

फोटो झाल्यावर वाचन कुणाचं? मुलुंडचे डॉक्टर चांगले असतील, पण रोपण केलेला सांधा वाचणं हे वेगळं काम आहे. तिन्ही संच सर्जनला पाठवा आणि लेखी उत्तर मागा. माणसांच्या शस्त्रक्रियेत १९७९ पासून दांड्याभोवतीच्या हाडाचे सात भाग पाडून प्रत्येकाबद्दल वेगळं लिहायची पद्धत आहे, ग्रुएन झोन म्हणतात त्यांना, आणि ती कुत्र्यांसाठीही वापरतात. सातही भागांबद्दल लिहायला सांगितलं की 'ठीक आहे' एवढ्यावर भागत नाही. वाटीतलं प्लास्टिक फोटोत दिसत नाही, पण गोळा वाटीच्या बरोबर मध्यावर आहे की एका बाजूला सरकलाय हे दिसतं. सरकला असेल तर त्या बाजूचं अस्तर झिजलंय. हेही विचारा.

सगळं स्थिर निघालं, आणि भुऱ्याचं वर्णन वाचून मला तशी आशा आहे, तर पुढचा फोटो वर्षाने. दांड्याच्या वरच्या भागाशी हाड थोडं विरळ आणि टोकाशी थोडं जाड दिसलं तर दचकू नका, भार आता धातूतून खाली जातो म्हणून हाड स्वतःला बदलून घेतं. रेघ रुंदावली असेल किंवा दांडा सरकला असेल, तर सर्जन कदाचित दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फोटो मागतील, किंवा सांध्यातलं पाणी तपासायला घेतील, जंतू आहेत का ते बघायला. त्याला नाही म्हणू नका.

पावसाळ्याबद्दल थोडं. या दिवसांत मुंबईतल्या लॅब्रॅडॉरचे कान वाहतात, ओल्या केसांखाली कातडी लाल होऊन चिघळते. एरवी आपण चार दिवस घरचं काहीतरी लावून बघतो. भुऱ्याच्या बाबतीत तसं करू नका. कातडी, कान, दात, लघवी, कुठलाही संसर्ग रक्तातून त्या धातूपर्यंत पोचू शकतो, आणि तिथे बसलेले जंतू अँटिबायोटिकला सहज दाद देत नाहीत. तेव्हा फिरवून आणल्यावर पोट आणि पंजे कोरडे करा, कान आठवड्यातून दोनदा बघा, आणि दात साफ करायला नेलं तर कृत्रिम खुबा आहे हे आधीच सांगा.

वजनही आत्ताच्या ३४ वर ठेवा, जमलं तर किलो-दोन किलो कमी. डाव्या खुब्यासाठी तर ते औषधाइतकंच कामाचं आहे. त्या डाव्या खुब्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कंबरेच्या फोटोत तो आपोआप येणार आहे, त्याचंही मत मागा. एक बाजू बदलल्यावर बऱ्याच कुत्र्यांचं दुसऱ्या बाजूवाचून निभतं. लगेच दुसरी शस्त्रक्रिया असा अर्थ काढू नका.

दर महिन्याला दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा, पाय सरळ असताना, एकाच जागी. आणि भुऱ्याच्या चालण्याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ, समोरून, मागून, बाजूने. सर्जन दूर असताना फोटोइतकाच त्याचाही उपयोग होतो.

आता गुहागर. फोटो स्थिर असेल तर खुशाल न्या. गाडीतून त्याला उडी मारू देऊ नका, चढताना-उतरताना पोटाखालून टॉवेलचा आधार द्या किंवा फळी लावा. तासा-दीड तासाने थांबून चार पावलं चालवा. सारवलेल्या जमिनीवर त्याला घरच्या लादीपेक्षा बरं वाटेल. जांभ्याच्या पायऱ्या मात्र पावसात शेवाळतात, तिथे दोरी हातात हवी. किनाऱ्यावर ओल्या, कडक वाळूत चालू दे, भुसभुशीत वाळूत धावू देऊ नका, आणि गावच्या कुत्र्यांशी मस्ती पहिल्या दिवशी नको. फटाके वाजतील तेव्हा त्याला आतल्या खोलीत, दार लावून ठेवा. दचकून ओट्यावरून मारलेली एक उडी निरोगी सांध्यालाही महागात पडते.

निघण्याआधी चिपळूण किंवा रत्नागिरीत कुत्र्यांचा एक्स-रे कुठे होतो ते फोन करून विचारून ठेवा आणि तिन्ही संच सोबत घ्या. तिथे अचानक त्याने उजवा पाय टेकणं सोडलं, पाय आखूड किंवा आत-बाहेर वळलेला दिसला, तर मालिश करू नका, ओढून बघू नका, घरातली माणसांची गोळी देऊ नका. त्याला एका जागी बसवून ठेवा, सर्जनला फोन करा आणि त्याच दिवशी फोटो काढून घ्या.